अंथरुणावरून उठव

१

शब्बाथाच्या, म्हणजे देवाच्या विश्रांतीच्या, दिवशी लॅमसनांच्या घरात नवं काही शिजत नसे. शनिवारी सूर्य बुडायच्या आत घेवड्याचं मडकं भट्टीत जायचं, लाकडं आत आणून रचली जायची, वडील दाढी उरकायचे. मग दुसऱ्या दिवशीचा सूर्य बुडेपर्यंत कुणी सुई उचलायची नाही, केर काढायचा नाही, मोठ्यानं हसायचं नाही. सकाळी उठून खाजणापलीकडच्या सभाघराकडे चार मैल चालायचं, दुपारी तिथंच थंड भाकरी खायची, पुन्हा दुसरं प्रवचन ऐकायचं आणि परत यायचं.

ओबेडला हे सगळं हिटीनं शिकवलं होतं. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि त्याची बहीण मेहिटेबल, म्हणजे हिटी, आठ वर्षांची. आता तो सतरा वर्षांचा होता, तिच्यापेक्षा हातभर उंच, तरी बुटाची दोरी सुटली की ती अजून ओरडायची, "घोड्या, पडशील." पुस्तकातलं छापील अक्षर लावायलाही तिनंच त्याला शिकवलं होतं. हातानं लिहिलेलं त्याला वाचता येत नसे, आणि लिहिता तर मुळीच येत नसे.

नऊ दिवस हिटी आतल्या खोलीत बाजेवर पडून होती. गळा आतून सुजला होता. आत्या रोज तिच्या कानाशी वाकून एकच गोष्ट विचारी, "काही खूण पटली का गं?" देवानं आपल्याला निवडलंय की नाही, याची खूण माणसाला जिवंतपणीच आत कुठंतरी पटावी लागते. मेल्यावर विचारून काही उपयोग नाही. हिटी मान हलवायची. नाही.

शुक्रवारी आत्या बाहेर गेली तेव्हा तिनं ओबेडचं मनगट धरलं.

"मला काही दिसत नाही रे. आत्याला वाटतं मी सांगत नाही. खरंच काही दिसत नाही. थोडे दिवस मागून घे माझ्यासाठी."

"कुणाकडे?"

"सभेकडे. चिठ्ठी दे ना."

आजारी माणसाची चिठ्ठी सभेत द्यायची चाल होती. पाळक ती वाचून दाखवायचे आणि मग सगळी सभा उभी राहून त्या माणसासाठी मागायची. ओबेड तसाच गिरणीकडे पळाला. डीकन बॉइंटन सभेचा कारभार बघायचे आणि त्यांना लिहिता यायचं. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि वाचूनही दाखवली: 'मेहिटेबल लॅमसन मरणाच्या दारात आहे. प्रभूनं तिला अंथरुणावरून उठवावं, अशी सभेनं प्रार्थना करावी.'

रविवारी उजाडता उजाडता ओबेड एकटाच निघाला. वडील आणि आत्या हिटीपाशी थांबले. तो कुंपणापर्यंत गेला असेल, एवढ्यात आत्या शालीशिवाय धावत आली. बर्फात तिची पावलं रुतत होती.

"गेली," ती म्हणाली. "आत्ता. चिठ्ठी देऊ नकोस. पाळकांना सांग, गेली म्हणून."

त्यानं मान डोलावली. आत वळलाही नाही. आत गेलो तर ते खरं होईल, असं त्याला वाटलं.

खाजण गोठून दगड झालं होतं. त्या सगळ्या वाटेवर त्याच्या डोक्यात एवढंच होतं की थोडे दिवस मागून घे म्हणाली होती. आत्ता गेली. आत्ताच तर. देवाला कळायला तरी वेळ लागत असेल. सभाघराच्या पायरीवर डीकननी हात पुढे केला, तेव्हा त्यानं चिठ्ठी त्यांच्या हातावर ठेवली.

पाळक टिलिंगनी ती वाचली. ऐंशी माणसं उभी राहिली. एरवी बाकावर पेंगणारा म्हातारा स्कट, ज्याला काठीवाल्यानं दर रविवारी दोनदा ढोसावं लागे, तोसुद्धा ताठ उभा राहिला, कारण हिटी सगळ्यांची लाडकी होती. पाळकांच्या तोंडातून वाफ निघत होती.

"प्रभू, तिला उठव. हे अंथरूण तिला धरून न राहो. आम्ही सगळे एका तोंडानं मागतो, तिला उठव."

ओबेडनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. एवढ्या जोरानं त्यानं आयुष्यात काही मागितलं नव्हतं.

२

तो परतला तेव्हा उन्हं कलली होती. वडील चुलीपाशी पुस्तक मांडीवर उघडं टाकून बसले होते. पान उलटत नव्हते. आत्यानं त्याच्यासमोर घेवड्याचं ताट ठेवलं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार. प्रभूची मर्जी म्हणाले."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "खा. उपाशी राहून कुणी परत येत नाही."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत्यानं हिटीला धुऊन, हनुवटीला फडकं बांधून, हात पोटावर ठेवून बाजेवर निजवलं होतं. आज पेटी करता येत नव्हती, खड्डाही खणता येत नव्हता. उद्या. तोवर आत विस्तव न्यायचा नाही, म्हणजे खोली गार राहील.

त्यानं दोन घास खाल्ले असतील. आतून आवाज आला.

बाजेच्या दोऱ्या करकरल्या. तो आवाज त्याला झोपेतही ओळखू आला असता. हिटी पहाटे उठायची तेव्हा पहिल्यांदा दोऱ्या करकरायच्या, मग क्षणभर काही नाही, मग तिची पावलं. तो चमचा तसाच धरून पावलांची वाट बघत राहिला.

पावलं आली नाहीत.

"थंडीनं दोऱ्या आखडतात," वडील पुस्तकातून मान वर न करता म्हणाले.

"नऊ दिवस थंडीच होती," आत्या म्हणाली, आणि उठून आत गेली. जराशानं तिथूनच तिनं हाक मारली. "ओबेड. तू आत्ता आत आला होतास?"

"मी इथंच आहे ना."

"मग हिला हात कुणी लावला?"

तो दारात गेला. हिटी उताणीच होती, डोळे मिटलेले, हनुवटीला फडकं. पण दोन्ही पाय गुडघ्यापासून बाजेवरून खाली आले होते आणि अनवाणी पावलं जमिनीवर टेकली होती. सारखी. एकमेकांशेजारी. जोडे घालायच्या आधी ठेवतात तशी.

"अंग आखडतं माणसाचं," वडील त्याच्या मागून म्हणाले. "डुकराचंही आखडतं. कापून टांगलेलं डुक्कर लाथ मारतं, बघितलंय मी."

"हे डुक्कर आहे का एनॉक," आत्या म्हणाली, पण हळू. त्या दोघांनी मिळून पाय उचलून परत बाजेवर ठेवले. ओबेड दारातून हलला नाही. पाय वाकत नव्हते. दोघांना जोर लावावा लागला.

३

सोमवारी सकाळी ओबेड गाय पिळून आला तेव्हा आत्या कणीक मळत होती. परातीत पीठ नव्हतं. रिकाम्या परातीत तिचे हात पुढंमागं होत होते.

"आत्या."

"दार लावून घे," ती म्हणाली. "आतलं."

दार उघडंच होतं. तो लावायला गेला आणि त्याला दिसलं. बाज रिकामी होती. हिटी खोलीच्या कोपऱ्यात उभी होती, तोंड भिंतीकडे, हात पोटावर तसेच. कपाळ लाकडी फळ्यांना लागलेलं. वेणीचा शेपटा पाठीवर सरळ पडला होता.

तो धावतच तिच्याकडे गेला. त्याला आनंद झाला होता, हे त्यानं नंतर कुणाला सांगितलं नाही.

"हिटी. हिटे."

त्यानं खांद्याला हात लावला. खांदा कुंपणाच्या खांबासारखा गार होता. त्यानं उशीतलं पीस काढून तिच्या ओठांपाशी धरलं. हात हलू नये म्हणून त्यानं मनगट भिंतीला टेकवलं आणि श्वास रोखून बघत राहिला. शंभरपर्यंत त्याला मोजता येत होतं, तेवढं मोजलं. पीस हललं नाही.

ती मेलेलीच होती. आणि उभी होती.

वडील आले, त्यांनी बघितलं, आणि त्याच्या कानशिलात मारली.

"तुझं काम हे. लहानपणापासून तुला हिच्याशिवाय जेवण जात नाही, म्हणून मढ्याला उभं करशील?"

"मी नाही बाबा."

"मग कोण? मी?"

"जमीन उतरती आहे," आत्या दाराशी म्हणाली. तिला स्वतःलाच ते पटलं नसावं, कारण लगेच तिनं तोंडाला पदर लावल्यासारखी शाल लावली.

तिघांनी मिळून तिला निजवलं. या वेळी वडिलांनी तिच्या अंगावर आडवी फळी ठेवली आणि फळीवर बियाण्याचं पोतं. मग ते अंगणात जाऊन पेटीसाठी फळ्या तासू लागले. रंधा एका लयीत चालत नव्हता. मधेच थांबायचा, आणि तो थांबला की घरात सगळे आतल्या दाराकडे बघायचे.

दुपारी डीकन बॉइंटन रश्शाचं भांडं फडक्यात गुंडाळून आले.

"कसं आहे पोरीचं?" जोडे झटकत त्यांनी विचारलं. "बायकोनं कोंबडी कापली खास. म्हटलं, सगळी सभा काल उभी होती हिटीसाठी, आज तरी दोन घोट घशाखाली गेले असतील."

ते आत्याकडे वळले.

"डॉर्कसबाई?"

"ती मेलीय," आत्या म्हणाली. "काल उजाडताना."

डीकननी भांडं हळूच चुलीच्या कट्ट्यावर ठेवलं. मग त्यांनी ओबेडकडे बघितलं. वडिलांनीही. आत्यानंही.

"चिठ्ठी तू कधी दिलीस रे मला?"

"तुम्हाला माहीत आहे कधी ते."

"तुला माहीत होतं?"

ओबेडला खोटं सुचलं नाही. सुचलं असतं तरी त्याच वेळी आतून दोऱ्या करकरल्या, आणि पाठोपाठ बियाण्याचं पोतं जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

डीकन भांडं तिथंच सोडून गेले.

४

पाळक टिलिंग टेबलाशी बसून टाकाचं टोक तासत होते. ओबेड चार मैल पळत आला होता आणि त्याला नीट बोलता येत नव्हतं, तरी त्यांनी त्याला थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं.

"तू देवाच्या सभेशी खोटं बोललास," ते म्हणाले.

"हो. मला हवं तर सगळ्यांसमोर उभं करा. फटके मारा. पण आधी ते परत घ्या."

"काय परत घ्या?"

"मागितलंत ते. अंथरूण तिला धरून न राहो म्हणालात ना तुम्ही? तर धरत नाही आता. रविवारपर्यंत थांबू नका, आत्ताच म्हणा, की देवा, तिला निजू दे."

पाळकांनी चाकू खाली ठेवला. "मेलेल्या माणसासाठी मागता येत नाही, ओबेड. त्याचं जे व्हायचं ते मरताना ठरलं. मेलेल्यांसाठी हात जोडणं ही रोमच्या चर्चची चाल आहे, ती मागे टाकून आपण समुद्र ओलांडला. तुला हे लहानपणापासून शिकवलंय."

"रविवारी तुम्ही मेलेल्यासाठीच मागितलंत."

"जिवंत समजून मागितलं."

"देवानं तसं समजून घेतलं नाही."

हे आपण पाळकांना म्हणालो, याची त्याला मागाहून लाज वाटली. पण पाळक रागावले नाहीत. त्यांनी उठून खिडकीचं झाकण लावलं. बाहेर लख्ख ऊन होतं.

"तिचे डोळे?" त्यांनी विचारलं.

"मिटलेले."

"बोलली काही?"

"नाही. श्वास नाही. काही नाही. नुसती उठते."

"आणि तोंड कुठं करते?"

"भिंतीकडे."

"कोणत्या?"

ओबेडनं विचार केला. त्यानं ते आत्तापर्यंत ताडून बघितलं नव्हतं. कोपरा, पलीकडे गोठा, गोठ्यापलीकडे खाजण.

"इकडे," तो म्हणाला. "सभाघराकडे."

पाळक परत टेबलाशी बसले. त्यांचे ओठ हलत होते. आपण नेमके कोणते शब्द बोललो होतो ते ते आठवत असावेत.

"तिला खूण पटली नव्हती," ओबेड म्हणाला. "तिला वेळ हवा होता. ही अशी उभी राहून तिला काय मिळणार? ना इकडची ना तिकडची."

"उद्या पुरा तिला," पाळक म्हणाले. "खोल खणा. मी येईन. पण तोंडातून शब्द काढणार नाही, आणि तूही काढू नकोस. जे एकदा चुकून झालं ते जाणूनबुजून करशील, तर तुझ्या जिवाचं मला काही सांगता येणार नाही."

५

शेतामागच्या टेकाडावर सोमवारपासून लाकडं जाळून जमीन नरम केली होती. मंगळवारी दुपारी पेटी उचलली. कुणी काही गात नव्हतं, वाचत नव्हतं. पुरताना काही बोलायचं नसतं, नुसतं चालायचं. सहा जणांनी दांडे खांद्यावर घेतले. ओबेड पायाकडे होता, आणि पलीकडच्या दांड्याला डीकन बॉइंटन.

घरापासून वीस पावलांवर डीकन ओठ न हलवता म्हणाले, "तुझी बाजू जड आहे का रे?"

"आहे."

"माझीही."

डोक्याकडचे दोघं नुसते चालत होते. त्यांचे खांदे दांड्याला लागलेसुद्धा नव्हते, त्यांनी तो हातानं तोलून धरला होता, आणि दोघंही समोर बघत होते. मधल्या दोघांची तीच गत. सगळं वजन मागं आलं होतं, ओबेडच्या आणि डीकनच्या खांद्यावर, पेटीच्या त्या टोकाला जिथं तिची पावलं होती. आडवी पेटी, पण आतलं माणूस पावलांवर भार देऊन होतं.

चढावर डीकनना धाप लागली. "हिटी, पोरी," ते पुटपुटले, "जरा दमानं."

खड्ड्यावर दोर लावून पेटी खाली सोडली. डोक्याकडचे दोर सैल लोंबत राहिले. पायाकडची बाजू झपकन गेली आणि पेटी खड्ड्यात तिरकी होऊन उभी राहिली, डोक्याकडची फळी जमिनीच्या वर हातभर. वडिलांनी ती फळी दोन्ही हातांनी दाबली. मग गुडघा टेकून दाबली. ती खाली जाईना. वडील तिथंच गुडघ्यावर राहिले, फळीवर हात ठेवून, जसे ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात.

कुणी कुणाकडे बघत नव्हतं. वीस-पंचवीस माणसं होती. म्हाताऱ्या स्कटनं टोपी तोंडावर धरली होती.

"पायाकडे आणखी खणा," पाळक हलक्या आवाजात म्हणाले. "राहू दे तशीच."

तशीच. म्हणजे उभी. मातीखाली, तोंड सभाघराकडे, शेवटचा न्याय होईपर्यंत. ओबेडला पाळकांची आज्ञा आठवत होती. तो विचार करून काही करणारा नव्हता, कधीच नव्हता. तो पुढं झाला, खड्ड्याच्या काठावर उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला:

"देवा, हिला निजू दे. मी खोटं बोललो होतो, हिनं काही केलं नाही. तुला कुणाला तरी उठवायचंच असेल तर मला उठव. हिला निजू दे."

आत्यानं त्याची बाही ओढली. उशीर झाला होता.

वडिलांच्या हातांखालची फळी हळूहळू खाली गेली. कुणी ढकलली नाही. पेटी खड्ड्याच्या तळाशी सपाट टेकली, आणि आतून अगदी बारीक आवाज आला, दमलेलं माणूस कूस वळवून निजतं तसा. मग काही नाही. डोक्याकडचे दोर ताणले गेले होते.

जाताना पाळक टिलिंगनी त्याला सोडून इतर सगळ्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

६

ओबेड माळ्यावर पेंढ्याच्या गादीवर झोपायचा. बुधवारी सकाळी खालून वडिलांनी हाक मारली, तेव्हा तो जागा झाला आणि त्याला कळेना की आपल्या कपाळाला गार काय लागतंय. ते छपराचं लाकूड होतं. माळ्यावर फक्त मधोमध माणसाला उभं राहता यायचं, आणि तिथं तो उभा होता, हात पोटावर घेऊन.

झोपेत चालतात माणसं, त्यानं स्वतःला समजावलं. थकलो होतो. रडलो होतो. गादीकडे त्यानं बघितलं. आत्यानं काल पेंढा झटकून सारखी केली होती ती, तशीच सारखी होती.

गुरुवारीही तेच. शुक्रवारी आत्या म्हणाली, "तुझे डोळे बघ कसे झालेत. निजतोस की नाही?"

"निजतो."

"मग पायाला एवढी सूज कशानं?"

त्यानं पाय मागं ओढून घेतले. जिवंत आहे तोवर ठीक आहे, असं तो मनाशी म्हणत होता. उभ्यानं का होईना, झोप लागते. पण पुढं कधीतरी आपणही मरू, आणि मेलेल्यासाठी कुणी काही मागायचं नाही असा नियम आहे. हिटीसाठी आपण ओरडलो, तसं आपल्यासाठी काठावर येऊन ओरडणारं कोण असेल?

त्या संध्याकाळी वडील शिडी चढून माळ्यावर आले. त्यांच्या हातात बैलाचा कासरा होता.

"आडवा हो," ते म्हणाले.

ओबेड आडवा झाला. वडिलांनी त्याला गादीखालच्या फळीशी बांधलं, छातीवरून, मांड्यांवरून, घोट्यांवरून. प्रत्येक गाठ ओढून बघितली. ते असे इतक्या जवळ कधी आले नव्हते. त्यांच्या अंगाला तासलेल्या लाकडाचा वास येत होता.

"काचतंय का?"

"नाही."

"काचलं तर सांग."

वडील त्याच्या शेजारीच पेंढ्यावर आडवे झाले आणि त्यांनी एक हात त्याच्या छातीवर ठेवला.

सकाळी ओबेडला जाग आली ती कपाळाला लाकूड लागल्यानं. मागं काहीतरी खसफसत होतं. त्यानं मान वळवून बघितलं. फळीशी कासरा तसाच ताणलेला होता, त्यात कुणीच नव्हतं, आणि आत्याला दिसू नये म्हणून वडील त्या रिकाम्या गाठी एकेक करून सोडत बसले होते.